चावीचं डोकं कुठल्या बाजूला

"आणि चाक कुठवर गेलं म्हणालीस?" ऊ बा साइंगांनी पुन्हा विचारलं.

बांधावरची वाट निम्मी सरली होती. ओहोटी लागलेली, खाडीत नुसता काळा चिखल उघडा पडलेला. होडी चालण्यासारखी नव्हती. दुपारी भरती आली की आरामात जाऊ, असं त्यांच्या भाचीनं, मा ट्वेनं, सांगून बघितलं होतं. पण मामा उजाडल्यापासून लुंगी गुडघ्यापर्यंत वर खोचून, काठी घेऊन पायरीवर बसले होते. शेवटी तिनं डोक्यावर बांबूची टोपी घातली, त्यांचा कोपर धरला आणि निघाली.

"तुसाच्या ढिगापर्यंत," ती म्हणाली. "झावळ्यांचा कूड फोडून गेलं, तुसात रुतलं आणि थांबलं."

"आणि माणूस कुणी..."

"कुणी नाही हो, मामा. कितीदा सांगू? आमचा माणूस तेलाचा डबा आणायला मागं गेला होता. बाकीचे चहाला बसले होते. गिरणीवाल्या दॉ ओन यींचं एक बदक तेवढं गेलं."

"बदक," असं म्हणून ते पुन्हा चालू लागले. त्या बदकाचं त्यांना अगदी मनापासून वाईट वाटलेलं दिसलं.

खाली चिखलात एक बाई कमरेला टोपली बांधून खेकडे धरत होती. तिनं मान वर केली. "ऊ बा साइंग, कुठं निघालात एवढ्या लांब? पळालेलं चाक धरायला का?"

एरवी मामांनी तिला असं उत्तर दिलं असतं की खेकडेही बिळात गेले असते. आज ते काही बोलले नाहीत. लोकांचं हसणं मा ट्वेला नवीन नव्हतं. मामांचं गप्प बसणं नवीन होतं.

कारण नम्रपणा हा काही ऊ बा साइंगांचा गुण नव्हता. नदीच्या खालच्या अंगाला माझ्या चावीशिवाय एक चाक फिरत नाही, असं ते चहाच्या दुकानात बसून खुशाल सांगायचे, आणि ते बरंचसं खरं होतं. ही चावी कुलपाची नव्हे. इंजिनाचा शाफ्ट, म्हणजे लोखंडाचा आडवा दांडा, आणि त्या दांड्यावर बसवलेलं पट्ट्याचं चाक, या दोघांना एकमेकांशी बांधून ठेवते ती चावी. दोन बोटांएवढा पोलादाचा तुकडा. अर्धा दांड्याच्या खाचेत, अर्धा चाकाच्या खाचेत. तो जागेवर असला तर दांड्याबरोबर चाक फिरतं, चाकाबरोबर पट्टा, आणि पट्ट्याबरोबर आख्खी भाताची गिरणी. तो नसला तर दांडा आपला एकटाच गरगरत राहतो. नाहीतर त्या दिवशी झालं तसं होतं, चाक दांड्यावरून उतरतं आणि आपल्या वाटेनं निघून जातं.

तरुणपणी ते पाथेइनच्या गोदीत बोटींच्या इंजिनांवर होते. तिथं चितगावच्या एका मिस्त्रीनं त्यांच्या हातात कानस दिली. कानस सरळ चालायला लागेपर्यंत त्यानं दुसरं काही करू दिलं नाही, आणि बायकोची आठवण काढावी तशी मामा त्या मिस्त्रीच्या शिव्यांची आठवण काढत. पुढं गावी येऊन त्यांनी आंब्याखाली शेगडा बसवला. गिरण्यांचे लोक खाचेचा मेणात ठसा घेऊन यायचे, मामा त्यावरून लोखंडी साचा करून चावी घासून द्यायचे. चावीवर काजळी लावायची, साच्यात सरकवायची, काढून बघायचं कुठं काजळी पुसली, तिथं कानस फिरवायची. मग पुन्हा काजळी. वरची बाजू पाचरीसारखी किंचित उतरती. जाड टोकाला एक डोकं, पुढं कधी काढायची झाली तर पकडायला. आणि पोलाद नेहमी दांड्यापेक्षा मऊ.

"मऊ का?" कुणी विचारलं की त्यांना बरं वाटायचं. "अरे, एखादे दिवशी गिरणीत काही अडकलंच तर मोडायचं कुणी? दांडा मोडला तर गिरणी बसली. माझी पोर मोडली तर मी दुसरी पोर पाठवतो."

चाव्यांना ते पोरी म्हणायचे. स्वतःला मूलबाळ नव्हतं. बायको गेल्यावर ते बहिणीच्या घरी, म्हणजे मा ट्वेच्या आईकडे राहायला आले, ते तिथलेच झाले. उपोसथाच्या, म्हणजे व्रताच्या, दिवशी कानशीला हात लावायचा नाही, बाकीचे सगळे दिवस सकाळभर घासायचं, हा त्यांचा नेम. आंब्याखालून तो खर्र खर्र आवाज आला की शेजारणी भात शिजायला टाकायच्या.

गेली काही वर्षं डोळ्यांत मोतीबिंदू उतरत होता. हे फक्त घरात माहीत होतं. मामा बोटांनी बघायला लागले होते. काजळी पुसली की नाही ते त्यांना दिसायचं नाही, पण जिथं घासलं गेलं तिथं पोलाद गुळगुळीत लागायचं, ते बोटाला कळायचं. मा ट्वेनं एकदा हळूच म्हटलं होतं, मामा, आता पुरे करा. त्यावर ते म्हणाले होते, मिस्त्री मला डोळे मिटूनच घासायला लावायचा. हे खरं होतं की तिच्यासाठी बनवलेलं होतं, तिला आजवर कळलं नाही.

आणि मग दॉ ओन यींच्या गिरणीतलं चाक निघालं. तिचा नवरा तिथं इंजिनावर होता. चावी मामांची, याच वर्षी घासून दिलेली. बातमी आली त्या दिवसापासून आंब्याखालचा आवाज बंद झाला. भाताच्या ताटासमोर मामा बसायचे, दोन घास चिवडायचे आणि उठायचे. आईनं तळलेल्या ङापीचा, आंबवलेल्या मासळीचा, वास घरभर दरवळवला, तरी ते ताटाकडं वळले नाहीत.

"एक चावी खोटी निघाली असती तर मी काही मनाला लावून घेतलं नसतं," ते आता बांधावर म्हणाले. चालता चालता माणूस जे बोलतो ते समोर बसून बोलत नाही. "पण डोळे गेल्यावर मी एकच घासली का, ट्वे? या सुगीला किती गिरण्या माझ्या पोरींवर चालणार आहेत? ही खोटी असेल तर त्या सगळ्या खोट्या. मला दारोदार जाऊन सांगावं लागेल, इंजिन लावू नका, माझी चावी काढून टाका. आज बदक गेलं. उद्या चाकासमोर माणूस असेल."

मा ट्वेनं मनातल्या मनात रतनसुत्त, संकटात म्हणायचं रक्षणाचं सूत्र, म्हणायला सुरुवात केली आणि त्यांचा कोपर जरा घट्ट धरला. त्यांना न कळवता ती प्रत्येक ओळीनंतर एकच मागत होती, चावी बरी निघू दे.

गिरणीच्या दारात दॉ ओन यी उभ्याच होत्या. अंगानं भारदस्त बाई, तोंडात हा एवढा चिरूट, गालांवर थनखाचा पिवळा लेप. गिरणी त्यांची, तोंडही त्यांचंच.

"या, या. आलात का? तुमची चावी काय, माझं चाक काय, बिचारं बदक तेवढं फुकट मेलं. अंड्यावरचं होतं."

"चावी कुठाय?" मामा म्हणाले.

"आधी टेका तरी. चालत आलात, चहा घ्या, गूळ खा. चावी कुठं पळून जात नाही. पळालं ते चाक."

"आधी चावी."

त्यांच्या आवाजात असं काही होतं की दॉ ओन यींनी चिरूट तोंडातून काढला आणि बाजूला झाल्या.

इंजिनघरात वाफ नव्हती. तुसावर पेटणारा बॉयलर थंड पडला होता आणि मोडलेल्या कुडातून ऊन आत येत होतं. चाक लोकांनी तुसातून ओढून आणून भिंतीला टेकवून ठेवलं होतं. मा ट्वेचा नवरा तिथंच उकिडवा बसला होता. मामांना बघून तो उठला, लुंगी सोडून पुन्हा बांधली, आणि एका धुतलेल्या फडक्यात गुंडाळलेली चावी त्यांच्या हातावर ठेवली.

मामा जमिनीवर बसले. चावी त्यांनी तोंडासमोर धरली नाही, धरून उपयोगही नव्हता. अंगठा एका बाजूनं फिरवला. मग दुसऱ्या. मग उलटी करून खालचा सपाट भाग. कडा नखानं चाचपल्या. गिरणीतले दोघंतिघं येऊन उभे राहिले होते. मा ट्वेला आपल्या नवऱ्याच्या कपाळावरचा घाम दिसत होता, आणि तिला वाटलं, याला एवढा घाम का?

"कडा जिवंत आहेत," मामा स्वतःशीच बोलले. "ढिली चावी असती तर दांड्यानं तिला खाल्लं असतं. कडा गोल झाल्या असत्या. इथं काही झालेलं नाही." त्यांचा अंगठा जाड टोकावर, डोक्यावर गेला आणि तिथं थांबला. "हे काय आहे?"

त्यांनी तिथं नख फिरवून पाहिलं.

"डोक्यावर घाव तिरपे आहेत. सगळे वरून, एका कुशीनं. हातोडा एकदाही सरळ बसलेला नाही." त्यांनी मान वर केली. "जावईबापू, सरळ मारायला काय झालं होतं? दांड्याचं टोक उघडं आहे, समोर मैदान आहे. माणूस उभा राहून दोन हातांनी मारू शकतो."

"जागा नव्हती," तिचा नवरा पुटपुटला.

"जागा नव्हती? मला दांड्याजवळ ने, ट्वे."

तिनं नेलं. मामांनी दांड्याचं उघडं टोक हातानं धरलं आणि तिथून आत, बेअरिंगच्या दिशेनं, खाचेवरून बोट सरकवत नेलं. बेअरिंगच्या पुढ्यात, जिथं चाक आणि बेअरिंग यांच्यात जेमतेम वीतभर जागा राहते, तिथं बेअरिंगच्या तोंडावर, काहीतरी फिरत घासून झालेल्या गोल खुणेत त्यांचं बोट अडकलं. ते वाकून तिथंच राहिले. मग हळूहळू सरळ झाले, आणि त्यांचा चेहरा बघून मा ट्वेला आधी वाटलं, ते रडणार.

"चावीचं डोकं आतल्या बाजूला होतं," ते म्हणाले. "चाक उलटं फिरवून बसवलंस तू. बाहेरून आत ठोकायची चावी आतून बाहेर ठोकलीस. तिरपी सळई लावून, वाकून, अंधारात."

तिच्या नवऱ्यानं मान खाली घातली. "हो."

"बाबा रे, का?"

त्यानं नुसता हात वर केला आणि इंजिनापलीकडच्या पूर्वेच्या भिंतीकडं दाखवला. मामांना ते दिसलं नाही. मा ट्वेला दिसलं. भिंतीवर उंच फळी होती, फळीवर बुद्धाची मूर्ती, पुढं ताजी फुलं आणि पाण्याचे पेले.

"मूर्ती आहे, मामा," ती म्हणाली. "भिंतीवर. इंजिनाच्या पलीकडं, दांड्याच्या अगदी रेषेत."

"पावसाळ्यात घराचा मजला काढला होता ना," दॉ ओन यी मधेच म्हणाल्या. त्यांचा आवाज पहिल्यांदाच खाली आला. "तेव्हा मीच इथं आणून ठेवली. म्हटलं, गिरणीलाही आशीर्वाद राहील."

"बाहेरून चावी मारायची म्हणजे हातोडा थेट मूर्तीच्या रोखानं उगारायचा," तिचा नवरा म्हणाला. एकदा तोंड उघडल्यावर त्याला थांबता येईना. "मी उचलला होता, मामा. तीनदा उचलला. हात खाली येईना. घणानं बुद्धावर चाल करून जातोय असं वाटलं. म्हणून चाक फिरवून घेतलं. म्हटलं, चावी तीच, खाच तीच, चाक तेच. डोकं इकडं काय अन् तिकडं काय."

मामा खाली बसले, तिथंच, तेलाच्या डागांवर. आणि हसायला लागले. आधी नुसता श्वास, मग खांदे, मग डोळ्यांतून पाणी. बरेच दिवस पोटात कोंडलेलं सगळं बाहेर पडत होतं. त्यांना बघून दॉ ओन यी हसल्या, गिरणीतले हसले, शेवटी तिचा नवरासुद्धा ओशाळून हसला. मा ट्वेचा जीव भांड्यात पडला, पण तिला हसू येण्याऐवजी रडूच आलं. तिनं टोपी पुढं ओढून घेतली.

"म्हणजे माझी पोर बरी होती," मामा म्हणाले.

"बरी होती, मामा."

"पुन्हा म्हण."

"तुमची पोर बरी होती. सासरी उलटी नांदवली."

"आणि बाकीच्या?"

"बाकीच्याही बऱ्याच असणार."

"डोकं इकडं काय अन् तिकडं काय!" त्यांनी डोळे पुसले. "ऐक, जावईबापू. चाक रोज थोडं थोडं बाहेर सरकायला बघतं, दांड्याच्या टोकाकडं. ती त्याची खोडच आहे. चावीचं जाड टोक बाहेर असलं तर सरकणारं चाक जाड भागावर चढतं आणि आपलं आपण घट्ट होतं. तू जाड टोक आत ठेवलंस. चाक बाहेर सरकलं ते बारीक टोकाकडं. जितकं सरकलं तितकं मोकळं झालं. तू त्याला दार उघडून दिलंस, बाबा."

"मला कुणी सांगितलं नव्हतं."

मामांनी चावी हातातल्या हातात फिरवली. "नाही," ते म्हणाले. "चावी कशी असते ते मी जगाला सांगत बसलो. कुठं तोंड करून बसते ते कधीच नाही सांगितलं. मला वाटायचं, ते काय सांगायचं."

मग प्रश्न उरला तो फळीचा. चाक सरळ बसवायचं तर हातोडा पुन्हा पूर्वेकडंच चालणार. मामाही हातोडा उचला म्हणाले नाहीत. ते मूर्तीच्या दिशेला तोंड करून गुडघ्यांवर बसले, हात जोडून ओकासा म्हणायला लागले. देहानं, वाचेनं, मनानं काही चुकलं असेल तर क्षमा असावी. त्यांच्या मागं सगळे बसले. तीनदा कपाळ जमिनीला लागलं. उठल्यावर दॉ ओन यी म्हणाल्या, "घराचा मजला कधीच झालाय. माझाच आळस. आणि खरं सांगू का, इथं धुरानं मूर्तीचं तोंड काळं पडायला लागलं होतं. मला रोज वाईट वाटायचं, पण हलवायचं कुणी?" त्यांनी चिरूट विझवला, हात धुतले, मूर्ती दोन्ही हातांनी डोक्याच्या वर धरली आणि घराचा जिना चढून गेल्या. मा ट्वे फुलं आणि पाण्याचे पेले घेऊन मागून गेली. वरच्या खोलीत उजेड होता, खिडकीतून नदी दिसत होती. तिथं मूर्ती ठेवल्यावर तिला वाटलं, मूर्तीलासुद्धा आता बरं वाटत असेल. असं वाटणं शहाणपणाचं नाही हे तिला माहीत होतं, तरी वाटलं.

खाली येईपर्यंत मामांनी चाकाच्या तुंब्यावर, मधल्या जाड भागावर, हातोडीनं टकटक करून पाहिलं होतं. चाक तडकलेलं नव्हतं, घंटेसारखा आवाज देत होतं. लोकांनी ते उचलून सुलट दांड्यावर चढवलं. मामांनी चावीला काजळी लावली, आत सरकवली, काढली, अंगठा फिरवला, आणि कानस न मागताच परत दिली.

"मार आता," त्यांनी तिच्या नवऱ्याला सांगितलं. "सरळ उभा राहून. मी तुंब्यावर हात ठेवतो."

पहिले घाव बोदे होते, लाकडावर मारल्यासारखे. मग आवाज बदलत गेला, वर चढला, आणि एक घाव असा वाजला की बाहेरची बदकं ओरडत पळाली. "बास," मामा म्हणाले. "आता एक जरी जास्त मारलास तर तुंबा फुटेल. पोर बसली."

बॉयलर पेटायला वेळ लागला. तेवढ्यात मामांनी चहा घेतला, गूळ खाल्ला, मग भात मागून घेतला. सोबत ङापी होती, उकडलेली भेंडी होती, आणि मागून आणखी भात. दॉ ओन यी वाढता वाढता म्हणाल्या, "बदकाचा रस्सा तुम्हाला ठेवायला हवा होता हो, त्याच दिवशी संपला." मामा म्हणाले, "आम्ही शोक करत होतो, तुम्ही रस्सा करत होता." त्यांची जीभ परत आलेली ऐकून मा ट्वेला फार बरं वाटलं.

वाफ चढली. दांडा फिरला, चाक फिरलं, पट्ट्यानं आळस देत देत वेग घेतला आणि चाळण्या थरथरायला लागल्या. मामा सरळ चाकाच्या समोर जाऊन उभे राहिले, जिथं कुणीही उभं राहू नये अशी त्यांचीच शिकवण होती. "मामा, बाजूला व्हा!" मा ट्वे ओरडली. ते हलले नाहीत. बऱ्याच वेळानं, पुरेसं ऐकून झाल्यावर, स्वतःहून बाजूला झाले.

परतताना भरती होती. दॉ ओन यींनी होडी दिली. मोटरीचा आवाज एवढा की मागं बसलेल्या नावाड्याला काही ऐकू जाणं शक्य नव्हतं. ऊन कलायला लागलं होतं. मामा पाण्यात बोटं सोडून बसले होते.

"ट्वे," ते म्हणाले, "तुझ्याकडं एक काम आहे."

"सांगा की."

"हे सगळ्या गिरण्यांना कळायला पाहिजे. कुणाच्या इंजिनघरात मूर्ती कुठल्या भिंतीला आहे, मला काय माहीत? आणखी कुणाचा हात थबकला असेल, त्यानंही चाक फिरवलं असेल. आता माझ्याकडून चावी न्यायला जो येईल त्याला तू सांग. डोकं बाहेर ठेवायचं, आणि हातोडा उचलण्याआधी मूर्ती कुठं आहे ते बघायचं. चांगलं समजावून सांग, माझ्यासारखं ओरडून नको."

"सांगते."

"पण सांगताना तुझ्या नवऱ्याचं नाव घेऊ नकोस."

मा ट्वेनं त्यांच्याकडं पाहिलं. "गाव म्हणतंय म्हाताऱ्याची चावी ढिली होती. ते तसंच राहू द्यायचं? आणि मी खोटं बोलायचं, उपोसथाच्या तोंडावर?"

"खोटं कशाला? एका गिरणीत एका माणसानं असं केलं, म्हण. कोण म्हणून विचारलं तर म्हण, म्हाताऱ्यानं सांगायचं ते सांगितलं नव्हतं. यात खोटं काय आहे?" त्यांनी ओला हात लुंगीला पुसला. "चावी बरी होती हे मला कळलं, मला पुरे झालं. पण त्याला लोक हसायला लागले ना, तर तो इंजिनाजवळ आपल्या कामाकडं बघणार नाही, लोकांकडं बघत राहील. त्यानं जे केलं ते भक्तीनं केलं. तेवढं माझं ऐक, पोरी. सगळं सांग, पण त्याचं नाव तुझ्या तोंडून जाऊ देऊ नकोस."